काठोकाठ भरलेला पियाला

मस्तूराचा हात थरथरत नाही, हे आमच्या इस्तरावशान शहरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बाप सुऱ्या घडवायचा, लेक पोटं उघडते. लोक म्हणतात, धार घराण्यातच आहे. मी म्हणते, कसली धार, नुसता गारठा! पेशंट रडगाणं गात असतो आणि ही बाई स्टुलावर बसून ऐकत राहते. एक 'अरेरे' नाही की पाठीवर हात नाही. कोणाच्या घरचा घोटभर चहासुद्धा घेत नाही.

आम्ही दोघी एकाच इस्पितळात. ती सर्जन, मी औषधपाण्याची डॉक्टर. माझे पेशंट माझ्या गळ्यात पडून रडतात, मीही त्यांच्याबरोबर रडते. द्राक्षं, जर्दाळू, लग्नाची बोलावणी सगळी माझ्याकडे येतात. पण जिवावर बेतलं की हेच लोक मला विचारतात, "मस्तूराबाई कुठे बसतात हो?" माझा नुसता जळफळाट होतो.

आईच्या पोटात गाठ निघाली तेव्हा मी राजधानीतला, दुशान्बेचा मोठा सर्जन ठरवला होता. आई म्हणाली, "मला मस्तूराच हवी." माझी सख्खी आई!

मस्तूराने पोट उघडलं आणि तसंच परत शिवलं. रोग सगळीकडे पसरला होता. बाहेर येऊन तिने मला ते सरळ सांगितलं.

"आईला कळता कामा नये," मी म्हणाले. आमच्याकडे असलं काही घरच्यांना सांगतात, पेशंटला नाही.

"त्यांनी विचारलं नाही तर सांगणार नाही. विचारलं तर खोटं बोलणार नाही."

"अगं, माझी आई आहे ती!"

"हो. आणि माझी पेशंट."

गाठ काढली, असं मी आईला सांगून टाकलं. त्यानंतर त्या दोघींना मी क्षणभरही एकटं सोडलं नाही.

टाके काढायला मस्तूरा घरीच आली. काम झाल्यावर आई म्हणाली, "मस्तूराजान, चहा घे." आणि ती चक्क बसली! आईने तिच्या पियाल्यात घोटभर चहा ओतला. मानाच्या पाहुण्याला तेवढाच ओततात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो. मग आईने माझा पियाला घेतला आणि काठोकाठ भरला. काठोकाठ म्हणजे, पी आणि ऊठ.

"आई, मी घरातली आहे."

"म्हणूनच. जा, तंदूरमधल्या रोट्या बघ."

तंदूर अंगणात, खिडकीखालीच होता. आतून आईचा आवाज आला, "गाठ काढलीस का ग?"

"नाही. काढण्यासारखी नव्हती."

"वसंतातला नवरोझचा सण बघेन?"

"बहुतेक बघाल. त्यानंतर तुती पिकतील, तेव्हाचं मला सांगता येणार नाही."

मग आई रडली. अब्बा गेले तेव्हाही मी तिला असं रडताना ऐकलं नव्हतं. मस्तूरा एक शब्द बोलली नाही, पण उठलीही नाही. मधूनमधून चहा ओतल्याचा आवाज येत होता. माझ्या रोट्या करपल्या.

करपलेल्या रोट्या घेऊन आत गेले, तर आईचा हात मस्तूराच्या मनगटावर. माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी चहादाणी उचलली आणि मस्तूराचा पियाला काठोकाठ भरला. तिने पियाल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो कढत चहा तिने थेंब न ठेवता प्यायला आणि ती उठली.

दारात ती बूट घालत होती. मी म्हणाले, "तुला काहीच कसं वाटत नाही ग?"

"वाटतं," ती म्हणाली. "घरी गेल्यावर. आईचं दुखणं वाढलं की मला बोलाव, कितीही वाजलेले असोत."

आत येऊन मी आईसमोर बसले. "माझ्यासमोर का नाही रडलीस?"

"तुझ्यासमोर रडायला बसले असते, तर तुलाच गप्प करत राहिले असते. माझं रडं राहूनच गेलं असतं."

तिने माझा गार झालेला पियाला रिकामा करून पुढे ओढला, त्यात घोटभर चहा ओतला आणि पुन्हा रडू लागली. मी ओठ घट्ट मिटले, हात मांडीवर ठेवले आणि अगदी मस्तूरासारखी बसून राहिले. त्याबद्दलसुद्धा मला मस्तूराचाच राग आला.