बंद पडणारे कॉम्प्युटर आणि रायसोबाईंचा कोपरा

लोकांच्या घरचे कॉम्प्युटर उघडायला लागलं की स्क्रू कमी होत जातात आणि किस्से वाढत जातात. आम्ही तिघं, म्हणजे मी, निखिल आणि स्नेहा, चंद्रपुरात एकाच कॉलेजात शिकलो. रविवारी फुकटात दुरुस्ती करायची आणि जुनी मशीन्स जमवून गावागावांत बसवायची, असा आमचा कार्यक्रम. कार्यक्रम कसला, माझा हट्ट. बाकी दोघं मैत्रीखातर येतात.

त्यातल्या एका मशीनमध्ये माझा जीव अडकलेला. धानोऱ्याच्या पुढं जंगलातल्या एका गावात, रायसोबाईंच्या घरी ते बसवलं होतं, कारण पक्की खोली त्यांचीच. साध्या अर्जासाठी पोरांना गडचिरोलीची बस धरावी लागू नये, एवढंच मला हवं होतं. पण ते चालता चालता बंद पडायचं आणि मग बराच वेळ सुरूच व्हायचं नाही.

शेवटी रायसोबाईंनी सांगून टाकलं, "धान घरी येऊन राह्यला बाबू. तवपर्यंत हे चाललं त ठीक. नाई त त्या कोपऱ्यात पोते लागतीन."

धान कापणीला आला होता आणि माझे रविवार दुसरेच लोक खात होते.

*

ऊर्जानगरच्या एका काकांचा फोन आला. वीज केंद्रात नोकरी, क्वार्टर टापटीप. "एकदम डेड हाय," म्हणाले.

निखिलनं कॅबिनेट उघडलं, पॉवर सप्लाय काढला, पुन्हा बसवला, प्रत्येक वायर हलवून पाहिली. कॉम्प्युटर ढिम्म. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या आणि जाता जाता सोफ्यामागचं बटन दाबून गेल्या. कॉम्प्युटर सुरू.

काकांनी चहाचा घोट घेतला. "लाईट बनवायचं खातं माझं," ते म्हणाले. "बटनाचं खातं तिचं."

*

पुढचा रविवार घुग्घुसला गेला. कोळसा खाणीत काम करणाऱ्या एका भाऊंच्या घरी कॉम्प्युटर तापून बंद पडायचा. कॅबिनेट उघडलं तर आत पंखा दिसेना. काळ्या धुळीचा नुसता गोळा. मी म्हणालो, "ब्लोअर अंगणात नेऊन मार." निखिल म्हणाला, "दोन मिनिटांचं काम आहे." आणि त्यानं तोंड अगदी जवळ नेऊन ब्लोअर सुरू केला.

धूळ खाली बसली तेव्हा भाऊ दारात उभे होते. ड्युटीवरून आलेले, आंघोळ करून, पांढऱ्या शर्टात. त्यांनी निखिलकडं खालून वरपर्यंत पाहिलं.

"कोणत्या शिफ्टले होता बे तू?"

*

चिमूरच्या निवृत्त गुरुजींचं काम फोनवरच करू, म्हणजे रविवार वाचेल, असं मी ठरवलं. त्यांची स्क्रीन काळी आणि आतून नुसते बीप. बीपवरून बिघाड ओळखता येतो. मी विचारलं, "गुरुजी, बीप लांब आहे की तुटक?"

गुरुजींनी "बीऽऽप" करून दाखवलं. मागून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "तसा नाई, बीप-बीप-बीप असा हाय." सुनेचा बीप तिसराच. मी वैतागून प्रत्येकाकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. शेवटी स्नेहानं माझ्या हातून फोन घेतला. "गुरुजी, फोनच कॉम्प्युटरजवळ धरा ना."

रॅम ढिली झाली होती. काढून, पुसून, घट्ट बसवायला सांगितली आणि स्क्रीन उजळली.

"सुरू झाला," गुरुजी शांतपणे म्हणाले. "मंग आमच्या घरी इतका वेळ शाळा काऊन भरवली तुमी?"

*

रायसोबाईंकडं पोचलो तेव्हा अंगणात धानाची पोती येऊन पडली होती. थंडी चांगलीच होती. मशीन बाहेर उन्हात आणून जोडलं, सुरू झालं. तासभर चाललं. उचलून कोपऱ्यात ठेवलं, थोड्या वेळात बंद. पुन्हा बाहेर आणलं, चालू.

"त्याले घर पसंद नाई," रायसोबाई म्हणाल्या. "राहू द्या बाहेरच."

मी हट्टानं पुन्हा आत नेलं. या वेळी स्नेहा टॉर्च घेऊन कोपऱ्यात वाकली आणि हसायलाच लागली. कॅबिनेटची गरम हवा जिथून बाहेर पडते, तिथंच चिकटून एक टोपली. टोपलीत अंडी, अंड्यांवर खुडूक कोंबडी. आम्ही मशीन ठेवून वळलो की रायसोबाई टोपली सरकवून त्याला चिकटवत होत्या.

"बाई, कोंबडी इथी काऊन?" मी विचारलं.

"तिथी गरम राह्यते."

स्नेहानं टोपली वीतभर मागं घेतली. हवा मोकळी झाली, ऊब तेवढीच राहिली. मशीन संध्याकाळपर्यंत चाललं. मी भारावून एक छोटं भाषण केलं: हा कोपरा म्हणजे गावाची खिडकी, इथून पोरं जग पाहतील, वगैरे.

"झालं बोलून?" रायसोबाईंनी विचारलं. पोती कुठं ठेवणार, ते त्यांनी सांगितलं नाही.

काही दिवसांनी सकाळीच त्यांचा फोन. आजवर एकाही गावानं आपणहून आम्हाला फोन केला नव्हता.

"बाबू, कॉम्प्युटर बंद पडला. आत्ताच्या आत्ता ये."

"आणि पोती?"

"पोते मांडवात ठेवले ना. कोपरा तुमचाच हाय. पन तू ये लवकर."

मी फोन कानाला धरूनच बॅग उचलली. कोणाचा तरी अर्ज अडला असणार, कोणाची तरी शेवटची तारीख असणार.

"कोणाचं काम अडलं, बाई?"

"कोंबडीचं," त्या म्हणाल्या. "अंडे थंडे होऊन राह्यले."