भातात उभ्या काड्या

कॉलेज रोडवर आम्ही जपानी जेवणाचं छोटं हॉटेल काढलं, तेव्हा आम्हा नवरा-बायकोपैकी कोणी जपानी माणूसही जवळून पाहिलेला नव्हता. सगळं शिक्षण मोबाइलवरच्या व्हिडिओंचं. तांदूळ इंद्रायणी वापरायचो, चिकट म्हणून. दाराबाहेर स्टूल मांडून त्यावर रोज दुपारी बारा वाजता गरम भाताचा काळा वाडगा ठेवायचा आणि त्यात दोन चॉपस्टिक्स उभ्या खोचायच्या, ही कल्पना माझी. लोक थांबायचे, फोटो काढायचे.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून एक कावळा येऊ लागला. ओरडायचा नाही. स्टुलाच्या कडेवर बसून त्या काड्यांकडे मान वाकडी करून बघायचा, एक शीत उचलायचा आणि निघून जायचा. दुसऱ्या शिताला कधी चोच लावली नाही.

माझी आई पंचवटीत राहते. घाटावरचे दहाव्याचे विधी तिच्या रोजच्या पाहण्यातले. ती एकदा दुपारची आली आणि दारातच थबकली.

“हे पान कोणाचं वाढलंय?”

“कोणाचं म्हणजे? शोभेला ठेवलंय, आई.”

“त्याला ठाऊक आहे का शोभेचं?” तिने कावळ्याकडे बोट केलं. मी हसले. ती हसली नाही, आणि आमच्याकडे जेवलीही नाही.

त्याच सुमारास अंबडच्या एका कारखान्यात मशिनं बसवायला आलेला जपानी इंजिनियर जेवायला येऊ लागला. पन्नाशीचा, अबोल माणूस. आत शिरण्याआधी तो वाडग्यासमोर थांबून डोळे मिटायचा, हात जोडायचा. ओठ हलायचे. आम्हाला वाटलं, अन्नाला नमस्कार करायची त्यांची पद्धत असेल. किती छान, म्हणून आमचे वेटरही तसं करू लागले, मग काही गिऱ्हाइकंही. भर दुपारी आमच्या दारात तीन-चार माणसं डोळे मिटून उभी, आणि कावळा एकेकाच्या तोंडाकडे बघतोय. त्या वेळी रस्त्यावरचे हॉर्नसुद्धा लांबून आल्यासारखे वाटत.

महिन्याभराने एकदा जेवण झाल्यावर तो माझ्यापाशी आला. कारखान्यात शिकलेल्या मोडक्या हिंदीत हळूच म्हणाला, “आपके घर में... कौन गया?”

“कोई नहीं.”

त्याने दाराकडे पाहिलं. “फिर वो किसका?”

आईचाच प्रश्न. मग त्याने सांगितलं. त्यांच्याकडे भातात काड्या अशा उभ्या खोचतात त्या गेलेल्या माणसाच्या वाडग्यात, त्याच्या उशाशी ठेवताना. जिवंत माणसांच्या जेवणात कोणी चुकूनही तसं करत नाही. त्याला वाटलं, आमच्या घरातलं कोणी गेलंय. म्हणून तो आमच्या मृताला नमस्कार करत होता. पुढे तिथेच उभं राहून तो स्वतःच्या आईशीही बोलू लागला. ती त्या वर्षीच्या थंडीत तिकडे जपानात वारली होती, आणि त्याला जाता आलं नव्हतं.

जिथे लांबलांबून लोक पिंड द्यायला येतात, त्या गावात मी वाढले. परमुलखात कोणी पिंड बशीत मांडून दारात सजवले असते, तर मी केवढा संताप केला असता!

दुसऱ्या दिवशी मी वाडगा ठेवला नाही. कावळा रिकाम्या स्टुलावर एक वाजेपर्यंत बसून राहिला. मी स्टूल आत घेतलं, तर त्याच्या पुढच्या दिवशी जमिनीवर बसला. मी आईला फोन केला.

“बंद करायचं तर सांगून बंद कर,” ती म्हणाली.

“कोणाला सांगू?”

“इतके दिवस ज्याला वाढलंस त्याला.”

“कोण ते मला कुठे माहीत आहे?”

“तेच तर,” आई म्हणाली.

हे कसं थांबवायचं, ते शेवटी मी त्या इंजिनियरलाच विचारलं. त्याने एका दुपारी स्टूल पुन्हा दाराबाहेर मांडलं, स्वतःच्या हाताने भात भरला, काड्या खोचल्या, आणि आपल्या भाषेत बराच वेळ बोलत राहिला. मध्येच थांबला. कोणी काही विचारावं तसा कान देऊन उभा राहिला, आणि होकाराची मान हलवून एकच छोटा शब्द बोलला. मग काड्या काढून वाडगा आत आणला.

त्यानंतर तो जेवायला बसला. वेटरने त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला, आणि कोणी न सांगताच समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे आणखी एक.