मुरू दे

राजन टिपणीसच्या घरी ग्लास हातात आला की आधी गप्प बसायचं, हा नियम होता. रंगमंचावर उभं आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही शिक्षाच. पण मी ती आनंदाने भोगायचो.

मी मुलीकडे शारजाला, रोल्लात राहतो. तिथे दारूचा थेंब मिळत नाही. त्यामुळे महिन्यातून एखाद्या शनिवारी संध्याकाळी मी टॅक्सी करून दुबईच्या हद्दीत, अल कुसैसला राजनकडे जायचो. जन्मभर मी नाटकांतून कोकम सरबत पिऊन झिंगलो होतो. खरं काय ते म्हातारपणी राजनने पाजलं.

त्याची आवड एकच. बेल्जियन धाटणीची काळी, कडक एल. म्हणजे बिअरच, पण साधी बिअर समजून कोणी बर्फ मागितला की राजनचा चेहरा पडायचा. "अण्णा, ही गार करून मारायची गोष्ट नाही. हळूहळू कोमट होऊ द्यायची, मग बोलायला लागते." रुंद तोंडाच्या ग्लासात तो ती तिरपी ओतायचा. खाली तपकिरी, वर सायीसारखा फेस. आधी रंग बघायचा, मग नाक न्यायचं, मग घोट. आणि मग राजन बोलायचा. "काकवी. सुकं अंजीर. मागून लवंग. शेवटी जराशी कडवट, करपलेल्या साखरेसारखी." त्याची बायको शुभ्रा मान डोलवायची. मीही. खरंच काकवी लागायची हो!

हा माणूस काही शौकीन घराण्यातला नव्हे. ठाण्याचा मुलगा, जबल अलीत खाद्यपदार्थांच्या एका गोदामात कारकून म्हणून लागला आणि मॅनेजर झाला. कंपनीने एकदा अँटवर्पच्या बंदरात ट्रेनिंगला पाठवलं, तिथल्या एका गोदामवाल्याने जेवताना हा काळा ग्लास पुढे केला, आणि राजन तिथेच खलास झाला. पुढे तो शुभ्राला घेऊन मुद्दाम बेल्जियमला गेला. दोघांनी मिळून केलेली ती एकच मोठी ट्रिप. तिथल्या एका छोट्या भट्टीत शुभ्राने स्वतः एक मोठी बाटली निवडली. बुचाची, वरून तार आवळलेली. भट्टीवाला म्हणाला, ही वर्षानुवर्षं ठेवता येते, चव बदलत जाते.

झालं! ती बाटली स्टोअररूममध्ये लोणच्याच्या बरण्यांमागे उभी राहिली. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आला. शुभ्रा म्हणाली, "उघडू या?" राजन म्हणाला, "मुरू दे." मुलगा तन्मय पास झाला, तेव्हा तो ओरडला, "बाबा, जस्ट ओपन इट ना!" "मुरू दे रे." त्याला नोकरी लागून तो टोरँटोला गेला, तरी बाटली जागेवरच. आपल्या माणसांची ही खोडच आहे. चांगल्या कपबशा पाहुण्यांसाठी, चांगली चादर सणासाठी. राजनने त्या खोडीला लोणच्याचा शब्द जोडला, एवढंच.

मधे करोना आला. टिपणीस नवरा-बायको आजारी पडले, बरे झाले, आमच्या शनिवारच्या बैठका पुन्हा सुरू झाल्या. सगळं पूर्वीसारखं होतं. पण एका संध्याकाळी राजन म्हणाला, "वा, लवंग!" आणि ग्लास अजून त्याच्या छातीशी होता.

नट चुका विसरेल, पण दुसऱ्याने क्यूच्या आधी घेतलेलं वाक्य त्याच्या कानातून सुटत नाही. मी त्या दिवसापासून बघत राहिलो. बाटली कुठलीही असो, वाक्यं तीच. काकवी, अंजीर, लवंग. पाठ केलेली.

टॅक्सीपर्यंत सोडायला तो खाली आला, तेव्हा मी विचारलं, "राजन, तुला वास येत नाही ना?"

"आजारपणात गेला, अण्णा. परत आलाच नाही. डॉक्टर म्हणतात, येईल, इन्शाल्ला. चवसुद्धा नुसती गोड, कडू एवढीच कळते."

"शुभ्राला सांगितलंस?"

"नाही. ती बाटली आहे ना आतली. तिच्याबरोबर प्यायची म्हणून इतकी वर्षं थांबवली. मला काही कळणारच नाही, हे कळलं तर ती कधीच उघडू द्यायची नाही. वास येऊ दे, मग उघडतो. तुम्ही प्लीज बोलू नका."

मी बोललो नाही. वासही आला नाही.

मग राजन रिटायर झाला. व्हिसा रद्द होणार, ठाण्याला कायमचं परतायचं. फर्निचर गेलं, पडदे उतरले. शेवटच्या शनिवारी शुभ्राने मला फोन केला. "अण्णा, आज या. ती बाटली मी सामानात पॅक करू देणार नाही. आज उघडायची म्हणजे उघडायची."

गेलो. खोक्यांवर बसलो. राजनने तार सोडवली. बूच निघताना बारीक उसासा आला. त्याने तीन ग्लास भरले, तळाचा गाळ बाटलीत ठेवला, ग्लास नाकाशी नेला आणि पापण्या मिटल्या. छान करत होता. मला रडू येत होतं.

"काकवी," तो म्हणाला. "अंजीर. लवंग..."

"राजन," शुभ्रा मधेच म्हणाली, "वास येतोय तुला?"

मी खोक्यांवरची लेबलं वाचू लागलो.

"नाही," राजन म्हणाला.

"माहितीये मला. गॅसवर दूध करपून कोळसा झालं, आणि तू शेजारी बसून मोबाइल बघत होतास. तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं," शुभ्रा म्हणाली, "मुरू दे."

राजन हसायला गेला, पण हसू मधेच अडकलं. त्याने ग्लास खाली ठेवला. "बरं, मग तू सांग. कशी झालीय?"

तिने घोट घेतला. थांबली. पुन्हा घेतला.

"काकवी-बिकवी मला नाही कळत. तुझ्या शर्टाचा वास येतोय."

"काय?"

"आपण नवीन आलो होतो ना, तेव्हा तू जबल अलीहून कंपनीच्या बसने यायचास. दिवसभर खजुराची खोकी हलवून. शर्टाला खजूर, गोणपाट, घाम, असा सगळा मिळून वास असायचा. मी धुवायला टाकायच्या आधी जरा वेळ धरून बसायचे. तू इथे ही काळी एल पहिल्यांदा आणलीस, तेव्हापासून मला तोच वास येतो. आज तर खूपच येतोय."

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

"तू विचारलंस कधी? तू अंजीर म्हणायचास, मी मान डोलवायचे."

मी माझा ग्लास हळूच तिच्या बाजूला सरकवला. राजनने बाटली उचलली आणि जो गाळ तो कधी कुणाला देत नसे, तोसुद्धा तिच्या ग्लासात ओतला.

"अजून सांग," तो म्हणाला. "अजून काय येतंय?"

ती अगदी लहान लहान घोट घेत होती, पुरवून पुरवून. तो प्रत्येक घोटाला विचारत होता, आणि बाटली एकच होती.