टेम्पोच्या टपावरची छत्री

"टीव्हीची छत्री टपावरच बसवायची! आपोआप फिरती, शिग्नल धरती. मला रोज उठून दिशा जुळवायची नाय."

"आवो, अन् टेम्पो झाडाखाली लावल्यावर? शिग्नल काय पानांतून गाळून येतो व्हय?"

शहागंजातल्या दुकानात कचरू आणि भामाबाईचं जुंपलं होतं. जत्रांमधून खेळणी विकणाऱ्या या जोडप्याचं घर म्हणजे तो टेम्पोच. पत्रा तापतो, म्हणून कुठंही गेलं की भामाबाई आधी झाड शोधायची.

"आमाला तिपाईवरची द्या," ती दुकानदाराला म्हणाली. "लांब उघड्यावर ठेवता येती."

"कुत्रं पाडील तिला," कचरू गुरगुरला.

"मी धरून बसन. उद्या लेकीची फायनल हाय."

बापाचं न ऐकता विशाखा कबड्डी खेळायला गेली, तेव्हापासून कचरूनं तिचं नाव घेतलं नव्हतं.

दुकानदारानं हळूच विचारलं, "मामा, उद्या टेम्पो कुठं लावणार?"

"खुलताबादला, उरुसात. वडाखाली जागा धरलीय मी."

भामाबाई चपापली. या खेपेला झाड त्यानं शोधलं होतं, आणि टपावरच्या छत्रीला वडाखाली शिग्नल मिळणारच नव्हता.

"खरं सांगा, पोरीला खेळताना बघायचं हाय का नाय तुमाला?"

कचरूनं काउंटरवरची टेम्पोची किल्ली उचलली आणि तो दुकानाच्या पायऱ्या उतरून गेला.