रिद्धीचं मशीन आणि आमची आत्या

माझ्या नवऱ्याच्या आत्याइतकी, काहीही ठाऊक नसताना सगळं ठाऊक असलेली बाई अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरी नसेल. डॉक्टर आणि इंजिनिअर उगाच कॉलेजात वर्षं वाया घालवतात, असं तिचं ठाम मत आहे. शेलारहून कोनला आमच्याकडे येताना ती रिक्षावाल्याला रिक्षा शिकवत येते. घरात पाऊल टाकलं की आधी माझ्या आमटीचं झाकण उघडणार, वास घेणार आणि म्हणणार, "न्हाय." काय नाही, ते आजवर कळलेलं नाही.

माझ्या रिद्धीला जन्मतःच ऐकू येत नव्हतं. ती दोन वर्षांची झाल्यावर मुंबईच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन करून तिच्या कानामागे, कातडीखाली यंत्र बसवलं. घरी आणली तेव्हा डोक्याला पांढरं बँडेज, एका बाजूने सुजलेला चेहरा, आणि चालताना सारखा तोल जायचा. भिंत धरून चालणारी पोर बघून माझं काळीज तुटायचं. अशात आत्या पिशव्या घेऊन हजर झाली. बँडेजकडे बघून म्हणाली, "शिवण तरी नीट घातलीय का?" आणि पोरीच्या डोक्यात रेडिओ बसवलाय असं गावभर सांगून आली. मग शेजारणी येऊन विचारायच्या, "लागला का रेडिओ?" आत्या स्वतः रिद्धीच्या पाठीमागे उभी राहून स्टीलचं ताट बडवायची.

"आत्या, बाहेरचं मशीन अजून लावलेलं नाही. जखम भरल्यावर लावणार. तोवर तिला काहीच ऐकू येणार नाही."

"मंग येवरीशी पोर कापली कशाला?" म्हणून पुन्हा ताट. रिद्धी निवांत खेळत राहायची. डोकी आमची उठायची.

जखम भरली. मशीन चालू करायच्या दिवशी आत्या न बोलावता गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली. हॉस्पिटलातल्या थेरपिस्टबाईंनी रिद्धीच्या कानावर मशीन अडकवलं, त्याची गोल चकती चुंबकाने डोक्याला चिकटली, आणि आवाज सुरू झाला. रिद्धी दचकली आणि तिने भोकाड पसरलं. ते बघून मी रडायला लागले, नवराही रडायला लागला. आत्याने आम्हा दोघांकडे तुच्छतेने पाहिलं. "ती आवाजाला भ्याली. तुमी कशाला भ्यालाव?"

खरी कसोटी पुढेच होती. रिद्धी ती चकती उपटून फेकायची; कधी गादीमागे, कधी थेट डाळीच्या डब्यात. थेरपिस्टबाई म्हणायच्या, मशीन काढू देऊ नका आणि दिवसभर तिच्याशी बोला, हाताने जे कराल ते तोंडाने सांगा. मी मुळात अबोल, त्यात न ऐकणाऱ्या लेकीबरोबर राहून आणखीच गप्प झालेली. भेंडी चिरताना भेंडीबद्दल काय बोलावं ते मला सुचेना. हे कळताच आत्या मुक्कामालाच आली. तिने एक मोठं काळं बटण पिनेने स्वतःच्या कानामागे लावलं. "बघ, मलापन मशीन हाय." तशीच ती भिवंडीच्या बाजारात मासळी आणायलाही गेली. लाज आम्हाला वाटली. रिद्धीने तेही बटण उपटलं आणि खिडकीबाहेर फेकलं. हा आचरटपणा फसल्याचा मला मनापासून आनंद झाला.

आत्या मात्र बोलायची थांबली नाही. बोंबील साफ करताना बोंबलाशी बोलायची, दार लावताना कडीशी. माझ्या माहेरची निंदाही तिने उपचार म्हणून रिद्धीला ऐकवली. महिने गेले. चकती डोक्यावर टिकायला लागली, हाकेला मान वळायला लागली. आणि एका सकाळी मी दुधाचा पेला पुढे केला तेव्हा रिद्धीने माझ्याकडे बघून स्पष्ट सांगितलं, "न्हाय."

पेला माझ्या हातातच राहिला. आई, बाबा, पाणी, किती शब्द आम्ही घोकून घेतले होते! आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली, "पयलाच शब्द कामाचा शिकली."

आता रिद्धी दिवसभर बडबडते. परवा मी तिला आंघोळ घालून आत्याच्या मांडीवर दिली. आंघोळीला मशीन काढून ठेवावं लागतं. ते घेऊन आले, तर आत्या तिच्याशी अगदी हळू काहीतरी बोलत होती.

"आत्या, तिला आत्ता ऐकू येत नाही."

"ठाव हाय मला. मशीन असला का ही चोमडी सगळा तुला येऊन सांगते. मंग मनातला मी बोलू कवा?"

एवढं म्हणून तिने माझ्याकडे पाठ केली. टॉवेलने रिद्धीचं डोकं हलकेच टिपत म्हणाली, "मी गेल्यावर माझा आवाज ध्यानात राहील ना गो तुझ्या?"

रिद्धी तिच्या ओठांकडे बघत होती. ती हसली. मी मशीन हातात घेऊन दारातच थांबले. रिद्धीचे केस अजून ओले होते, मशीन लावायची घाई नव्हती.