आरतीला बाहेर थांबणारा माणूस

इथं आखातातल्या आमच्या मराठी मंडळात अण्णासाहेब लोणारे म्हणजे हक्काचा माणूस. रास अल खोरला त्यांचं गॅरेज, राहायला डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आमच्याच इमारतीत. गणपतीचा हॉल ठरवायचा, खुर्च्या आणायच्या, मखर उभं करायचं, शेवटी झाडूही मारायचा, सगळं अण्णासाहेबांनी. वीसेक वर्षं हेच चाललंय. भेटले की 'दंडवत प्रणाम' म्हणतात, म्हणून मुलं त्यांना 'दंडवत अंकल' म्हणतात. आरती सुरू झाली की मात्र ते बाहेर पार्किंगमध्ये. आम्ही भाबडे लोक म्हणायचो, काय हा सेवाभाव, आरतीच्या वेळीही गाड्यांची काळजी!

यंदा अध्यक्षपदावरून मंडळात दोन तट पडले. पुणेकरांना बँकेतले सत्यजित हवे, मुंबईकरांना कंत्राटदार रणजित. दोघांच्या भांडणाला विटलेल्या आम्ही काही जणांनी अण्णासाहेबांचं नाव पुढे केलं. माणूस अमरावतीकडचा, ना इकडचा ना तिकडचा. ते "कशाला, कशाला" म्हणाले, पण त्यांचा चेहरा खुललेला मी पाहिला. जन्मभर दुसऱ्यांसाठी खुर्च्या मांडल्यावर एकदा आपणही बसावं, असं कुणाला वाटणार नाही?

सभेत सत्यजित म्हणाले, "ग्रेट! मग फर्स्ट डेला स्थापनेच्या पूजेला अण्णासाहेब आणि छायावहिनी. अध्यक्षांनी सपत्नीक बसायचं, हा आपला रूल आहे."

अण्णासाहेब उभे राहिले. "पूजेला मी बसणार नाही. आम्ही महानुभाव पंथाचे. मी उपदेश घेतलाय. एका परमेश्वराशिवाय दुसऱ्या कुणाची पूजा करत नाही, प्रसाद घेत नाही. बाकी पडेल ते काम करीन."

मग जे सुरू झालं ते विचारू नका. म्हणजे हे आपल्यातले नाहीत? मग इतकी वर्षं येतात कशाला? रणजित म्हणाले, "हबीबी, नुसते हात जोडा. दोन फोटो काढू, खलास." अण्णासाहेब पुन्हा पुन्हा सांगत राहिले, गणपतीशी माझं भांडण नाही, मी तुमच्यातलाच आहे. प्रत्येक वेळी आवाज आणखी खाली जायचा. माझं डोकं फिरलं. रमजानमध्ये शेजारच्या मरियमसमोर आम्ही पाणीसुद्धा पीत नाही, आणि आपल्या माणसाचा एक नेम आम्हाला झेपेना!

शेवटी उर्मिलाताईंनी तोडगा काढला. पूजापाठातलं त्यांना सगळं ठाऊक. "अहो, जोडीदार नसला तर सुपारी चालते. वहिनी पूजेला बसतील, शेजारी अण्णासाहेबांच्या जागी सुपारी ठेवू."

त्या दिवशी पहिल्यांदाच दोन्ही तटांनी एकदम माना डोलावल्या. धडधाकट नवरा हॉलमध्ये उभा असताना त्याच्या जागी सुपारी! आणि यात काही वावगं आहे असं कुणाला वाटेना. छायावहिनींनी उपदेश घेतलेला नाही, त्यांना पूजा वर्ज्य नाही. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि बोलायला तोंड उघडलं.

त्याआधीच अण्णासाहेब म्हणाले, "मग सुपारीलाच अध्यक्ष करा ना. ती कुठंही बसते."

सगळे खो खो हसले. त्यांना तो विनोद वाटला. हसण्यातच यंदा रणजित आणि पुढच्या वर्षी सत्यजित असं ठरून गेलं, आणि अण्णासाहेबांचं नाव पुन्हा कुणी घेतलं नाही.

परतताना मी त्यांच्याच गाडीत मागे होते. शेजारी त्यांची मुलगी पर्णिका. ती फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट अ कमिटी." जबल अलीच्या दिशेने कामगार घेऊन निघालेल्या कंपन्यांच्या बसगाड्यांमुळे रस्ता तुंबला होता.

छायावहिनी म्हणाल्या, "मी बसले असते हो सुपारीशेजारी. तुम्हाला अध्यक्षपद हवं होतं ना?"

"म्हणून तर तुला बोलू दिलं नाही," अण्णासाहेब म्हणाले. गाडी जरा पुढे सरकली, पुन्हा थांबली. "हवं होतं गं. फार हवं होतं."