द्राक्षबागेची गाडी आमच्या स्वयंपाकघरात

निळ्या कुरडया सगळ्या कुंडल गावात फक्त आमच्या घरी झाल्या आहेत. कुणी केल्या म्हणून विचारलं तर सांगावं लागतं, सांगलीच्या कॉलेजानं केल्या.

माझी सुमन तेव्हा सांगलीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. हे गेल्यापासून घरात मी एकटी. वर्षभर मी उन्हाळ्याच्या सुट्टीवर नजर ठेवून दिवस काढायची. त्या वर्षीही दोघींच्या अंदाजानं कुरडयांचे गहू भिजत घातले, आणि सुमनचा निरोप आला की ती येणार नाही. सरांच्या हाताखाली दोन महिने संशोधनाचं काम मिळालं होतं, आणि त्याचा कॉलेज तिला पगारही देणार होतं.

शिकणाऱ्या पोरीला पगार, ही गोष्ट आमच्या आळीत कुणालाच पटली नाही. शेजारणींनी ठरवून टाकलं की पोरगी नापास झाली असणार, म्हणून तिला सुट्टीत कामाला जुंपलंय. माझे धाकटे दीर तात्या यांनी तर सरळच विचारलं, "वैनी, फी भरायची ऱ्हायली हुती का काय?" मी "न्हाई" म्हणाले. (चार माणसांत माझं भाषण एवढंच असतं. तात्या घरचे, म्हणून तेवढं तरी झालं.)

काम होतं माणसाशिवाय आपली आपण चालणारी गाडी करायचं. बागेत औषध मारताना ते माणसाच्या नाकातोंडात जातं, म्हणून गाडीनंच टाकी घेऊन द्राक्षांच्या ओळीतून फिरायचं आणि दोन्ही बाजूंना फवारत जायचं. गाडी झाली, आणि ती खऱ्या बागेत चालवून बघायची वेळ आली. बाग कुणाची, तर तात्यांची! ती आमच्या अंगणाच्या मागेच सुरू होते. सुमननं निरोप धाडला की गाडी नीट चालली तर ती, सर आणि गाडी चार दिवस इथंच राहतील. नाही चालली, तर संध्याकाळी परत सांगलीला.

चार दिवस! मी पुरणाला दुप्पट डाळ घातली.

सकाळी टेम्पोतून गाडी उतरली. स्कूटरची चाकं, वर टाकी, दोन्ही बाजूंना नळ्या, आणि पोटाखाली दोन बारीक डोळे. सुमननं अंगणाच्या कोपऱ्यापासून बागेपर्यंत पांढऱ्या फक्कीची रेघ ओढली आणि तात्यांना समजावलं की गाडी त्या डोळ्यांनी रेघ बघते आणि रेघ जाईल तिकडं जाते. टाकीत निळीचं पाणी भरलं, म्हणजे कुठलं पान भिजलं आणि कुठलं राहिलं ते दिसावं. हे सगळं बाहेर चाललं होतं. मी आत पुरण वाटत होते. सरांसमोर जायची माझी छाती नव्हती. सुमन आत येऊन मला एकच सांगून गेली, "आई, गाडीला हात लावू नको. तिचं तिला कळतं."

मग सगळे तात्यांच्या शेडात न्याहारीला गेले. मी अंगणात डोकावले तर ती कोरडी, ओकीबोकी रेघ. लेक इतक्या महिन्यांनी घरी आली, बरोबर एवढी मोठी वस्तू घेऊन आली, आणि दारात रांगोळीचं बोट नाही! गौरी घरात येतात तेव्हा आम्ही रांगोळीची वाट काढून त्यांना सगळं घर दाखवतो. देवघर, चूल, धान्याची कणगी, सगळं. मी तशीच वाट काढली. उंबऱ्यातून आत, देवासमोरून चुलीपाशी, तिथून कणगीपर्यंत. शेणानं सारवलेल्या जमिनीवर ती अशी काही उठली की माझी मीच बघत राहिले. बाहेर मात्र ती कॉलेजच्या रेघेपासून हातभर लांब राहिली होती. शुभकामात वाट तुटकी ठेवू नये, म्हणून मी दोन्ही जोडून टाकल्या.

न्याहारी झाल्यावर सर आणि सुमन हातात घड्याळ घेऊन बागेच्या पार पलीकडच्या टोकाला जाऊन उभे राहिले. नारळ फोडायचा आणि बटण दाबायचा मान तात्यांचा. तात्यांनी माझी रांगोळी बघितली होती. त्यांना वाटलं, हीसुद्धा कॉलेजचीच. त्यांनी बटण दाबलं.

गाडी जोडापाशी आली, जरा थांबली (विचार केला असावा), आणि माझी रांगोळी जास्त पांढरी दिसली म्हणून घराकडं वळली. अंगणात साडीवर कुरडया वाळत होत्या. त्या तिनं पहिल्यांदा निळ्या केल्या. मग उंबरा चढली. आमचा उंबरा तो केवढा, आणि चाकं स्कूटरची!

मी चुलीपुढं पोळी लाटत होते. फुस्स फुस्स असा आवाज आला म्हणून वळून बघते, तर देवघरातले सगळे देव कृष्णाच्या रंगाचे झालेले, आणि गाडी माझ्याकडं येतेय. हात लावायचा नाही, हे पक्कं ध्यानात होतं. ती कॉलेजातून आलेली, म्हणजे शिकलेली. अरेतुरे तरी कसं करणार? मी पदर सावरून म्हणाले, "आवं, बाग हिकडं न्हाई. मागल्या अंगानं जावा."

तिनं माझ्या पुरणावर फवारा मारला.

मी मागं सरकले तशी तीही पुढं सरकली, कारण वाट तिकडंच जात होती. मी सरकत सरकत कणगीला टेकले. तिथं माझी रांगोळी संपली होती. गाडी थांबली, पण फवारा काही थांबेना. भिंतीवर आपटून सगळं पाणी माझ्या आणि तिच्या अंगावर परत येत होतं. आम्ही दोघी तशाच समोरासमोर उभ्या राहिलो. खरं सांगायचं तर घाबरले होते, तरी मनात आलं की किती दिवसांनी कुणीतरी थेट चुलीपर्यंत आलंय.

तिकडं सर आणि सुमन रिकाम्या ओळीकडं डोळे लावून बसले होते. तात्या बोंबलत गेले, "आवं सायेब, तुमची गाडी वैनींकडं जेवाया गेली!"

सर धावत आले. त्यांनी बटण बंद केलं, वाकून रांगोळी बघितली, बोटावर घेतली. मग मला म्हणाले, "गाडीनं अगदी बरोबर काम केलंय, मावशी. रेघ जिथं नेईल तिथं ती गेली." मला बरं वाटणार एवढ्यात तात्या म्हणाले, "म्हंजी चूक फकस्त वैनींचीच." सुमननं माझ्याच पदरानं माझं तोंड पुसलं आणि हसता हसता तिच्याच डोळ्यांत पाणी आलं.

पण गाडीच्या पोटात पाणी शिरलं होतं. आतल्या तारा सांगलीला नेऊनच नीट होणार होत्या. माझे चार दिवस तिथंच संपले. टेम्पोत गाडी चढवली, दोऱ्या बांधल्या. मी दाराआड उभी. सर दाराशी आले आणि म्हणाले, "मावशी, सुमनला आजची रात्र ठेवू का इथं? उद्या एसटीनं येईल."

आता आमच्यात पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं असतं. चहाला नको, जेवायला नको, साडीला तर हात जोडून नको. मग समोरचा म्हणतो, आवं असं कसं, आणि मग आपण बरं म्हणतो. लहानपणापासून असंच चालत आलंय. मी म्हणाले, "नको, तिचं काम खोळंबंल."

सर मुंबईकडचे. ते म्हणाले, "तुमच्यासारखे पालक सगळ्यांना मिळायला हवेत," आणि टेम्पोत जाऊन बसले. सुमन क्षणभर सरांकडं बघत राहिली. ती माझीच लेक, तीसुद्धा दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत होती. मग तीही चढली.

मी दारात आले. टेम्पो कालवा ओलांडून गेला, धूळ खाली बसली, तेव्हा कुठं मला तोंड फुटलं.

"बरं," मी म्हणाले, "तुमी एवढं म्हनताय तर ऱ्हाऊ द्या तिला."